एक वाजताची ओळ

सिस्टर, आज मी एका मुलीला वॉर्डातून बाहेर काढलं. सगळ्यांसमोर. तिचा रिपोर्ट लिहून पर्समध्ये ठेवलाय. उद्या सकाळी नऊला तो प्रिन्सिपॉलच्या टेबलावर गेला की तिचं वर्ष बुडालं. दुपारी घरी आले तेव्हापासून मी नुसत्या येरझाऱ्या घालतेय. गॅसवर दूध ठेवलं ते उतू गेलं. ओटा पुसला, उरलेलं परत ठेवलं, परत उतू गेलं. नवरा म्हणाला, "तू बस बरं एका जागी, दुधाचं मी बघतो." म्हणून बसलेय, आणि बसल्या बसल्या तुम्हालाच लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पण मला तुमच्याशी भांडायचंय, आणि ते आजच भांडायचंय.

भांडण अर्णाळ्याच्या त्या मावशींवरून आहे. त्यांच्या चार्टवरच्या एक वाजताच्या ओळीवरून. ती ओळ मी लिहिली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या ओळीचं खरं फक्त मला ठाऊक आहे. आज दुपारी कळलं की तसं नव्हतं.

तेव्हा मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही कऱ्हाडकडचे, वडील गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात कामाला, चाळीत दोन खोल्या. वसईत राहून आम्हाला सात-आठ वर्षं झाली होती, पण समुद्र मी तेव्हा दोनदाच पाहिला होता. आणि तुम्ही पाचूबंदरच्या, वडिलांची होडी होती, हे तुम्ही उठता-बसता सांगायचात. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी, आणि राग आला की "काय गो पोरी" सुरू. "काय गो पोरी" ऐकलं की आमची पाचावर धारण बसायची.

तुम्ही मेंदू शिकवलात तो दिवस आठवतोय. फळ्यावर कवटीचं चित्र काढलंत, मग ते पुसून टाकलंत आणि विचारलंत, "सगळ्यात गच्च भरलेला डबा कुणाचा असतो?" पन्नास बोटं माझ्याकडे वळली. माझी आई डबा भरायची तो जणू मी कऱ्हाडपर्यंत चालत जाणार आहे. तुम्ही माझा डबा उघडलात. भाकरी, पिठलं, वर कांदा, कुठे बोट घालायला जागा नाही. त्यात तुम्ही अर्धा पेला पाणी ओतलंत आणि झाकण दाबलंत. पाणी कडेने टेबलावर आलं. "याला कडेने फट आहे म्हणून पाणी बाहेर आलं. कवटीला फट नाही. आत रक्त साचलं की मेंदूला जायला जागा एकच, खाली, मणक्याच्या वाटेवर. जाता जाता बाहुलीची नस चेंगरते आणि बाहुली मोठी होते. पण बाहुली मोठी होईस्तोवर फार उशीर झालेला असतो. त्याच्या आधी माणूस बदलतं. बोलणं बदलतं. ते पकडायचं, आणि ते डॉक्टर नाही पकडत, कारण डॉक्टर दोन मिनिटं उभा असतो. तासातासाला विचारणारी तूच असतेस." सगळ्या मुली लिहून घेत होत्या. मी त्या दिवशी ओली भाकरी खाल्ली आणि तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

पुढे एक दिवस मावशी सकाळी नऊला आल्या. पन्नाशी उलटलेली बाई, धक्क्यावर माशांच्या पाण्यावरून पाय घसरला आणि डोकं दगडावर आपटलं. जखमेला चार टाके, थोडी मळमळ, बाकी ठणठणीत. सून बरोबर होती, पण व्हिजिटरची वेळ नाही म्हणून मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. चार्ट माझ्याकडे. दर तासाला डोळे, बोलणं, हातपाय, बाहुल्या, नाडी, बीपी. बोलण्याचे पाच गुण. नाव, ठिकाण, दिवस नीट सांगितला तर पाच, सांगताना गोंधळ झाला तर चार.

दहा वाजता मी विचारलं, "मावशी, आज वार कुठला? तारीख काय?" मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच डोक्यावर पडलेय. म्हणाल्या, "आज आठम हाय. भांगाचं पानी. दोन तासानं सुकती." मी परत विचारलं, "तसं नाही, वार सांगा, वार." "तुला सांगितला ना गो, आठम!" शेजारच्या खाटेवरची बाई हसली, मीही हसले. नाव बरोबर, दवाखाना बरोबर, पण दिवस विचारला तर पाण्याचं काहीतरी बडबडतेय. मी चार लिहिले. गोंधळलेली. अकराला विचारलं, परत पाण्याचंच, तासाभरानं सुकती. बाराला विचारलं, आता सुकती. मी चार लिहीत गेले. माझ्या डोक्यात ती बाई आलीच मुळी चारावर.

दोन वाजता ड्यूटी बदलायच्या वेळी तुम्ही राउंडला आलात. मावशींच्या खाटेशी थांबून, चार्ट न बघता, त्यांच्या बोलीत विचारलंत, "काय गो बाय, आज पानी कवाचं?" मावशी म्हणाल्या, "पुनव हाय. उधान. होडी वर घ्या, होडी वर घ्या." मला वाटलं, झालं, हेही तेच. पण तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही खिशातून टॉर्च काढलात, पापणी वर केलीत, मग दुसरी. डावी बाहुली जरा मोठी. "दोन्ही हातांनी माझा हात दाब" म्हणालात, उजवा हात सैल. मग तुम्ही चार्ट हातात घेतलात. चार, चार, चार, चार. एका ओळीत, माझ्या सुवाच्य अक्षरात.

"सकाळी काय म्हणाली ती?" मी सांगितलं. आठम, भांगाचं पाणी, दोन तासांनी सुकती. मग अकराला तासाभराने, बाराला आता. तुम्ही डोळे मिटलेत. "आज अष्टमीच आहे. अष्टमीला भरती मोठी नसते, त्याला भांग म्हणतात. आणि बाराला ओहोटी असते, तीच सुकती. दहा वाजता ती दोन तासांनी म्हणाली? त्या बाईने तुला दिवसच काय, घड्याळ सांगितलं, पोरी. पाचातले पाच होते तिला. तुला कळलं नाही म्हणून ती गोंधळली होय? पाच लिहिले असतेस तर पाचाचे चार झाल्यावर तू धावली असतीस. तू चारावरच सुरू केलंस, म्हणून चार बघून बसून राहिलीस." एवढं बोलून तुम्ही ओरडायच्या थांबलात. मग हळू आवाजात विचारलंत, "आणि एक वाजता? एक वाजता काय म्हणाली?"

इथे मला नीट लिहायचंय. मी म्हणाले, "तेच, सिस्टर. आठम, भांगाचं पाणी, दोन तासांनी सुकती."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग तुम्ही फोनकडे गेलात. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला सांगताना तुमचा आवाज मी ऐकत होते. "बारापर्यंत धड होती, डॉक्टर. बारानंतरचं मला सांगता येत नाही." मला वाटलं, गडबडीत एकची ओळ विसरल्या. बरंच झालं, असंही वाटलं. खोटं कशाला सांगू.

मावशी वाचल्या. डोकं उघडून रक्त काढलं. पण बोलणं गेलं ते पुरतं परत आलं नाही. अर्णाळ्याच्या बाजारात चार गल्ल्यांवर ऐकू जायचा असा जिचा आवाज, ती "हां" आणि "नको" वर आली. तासभर आधी कळलं असतं तर वाचला असता का तो आवाज? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते "सांगता येत नाही" मी आजपर्यंत उशाशी घेऊन झोपते.

मेट्रनसमोर माझी पेशी झाली तेव्हा मला बोलायची वेळच आली नाही. तुम्ही उभ्या राहून म्हणालात, "ही पोर घाटावरची. पाणी मोजणाऱ्या बायका तिला कुठून ठाऊक? मी इथली, मी शिकवताना सांगायला हवं होतं. चूक माझी लिहा." मेट्रननी ती तशी लिहिली. सहा महिने तुम्हाला वॉर्डाची सुपरव्हिजन नव्हती, फक्त वर्ग. तुम्ही, ज्यांना खडूपेक्षा खाटेशी उभं राहायला आवडायचं. मधल्या सुट्टीत तुम्ही जिन्यात उभ्या राहून वॉर्डाच्या दाराकडे बघायचात आणि मी दुसऱ्या जिन्याने जायची. तोंडातून ब्र काढला नाही मी.

मग एका रविवारी तुम्ही मला अर्णाळ्याला घेऊन गेलात. माझी इच्छा विचारली नाहीत, "साडेनऊची बस" एवढंच म्हणालात. आगाशीला बस थांबली तेव्हा खाली उतरून सुकेळी घेतलीत, उन्हात वाळवलेली केळी, दोन पुड्या. मावशी अंगणात बसल्या होत्या, बाजूला सून बोंबील निवडत होती. मावशींनी मला ओळखलं आणि डाव्या हाताने जवळ बसायची खूण केली. त्या बाईने मला जवळ बसवलं, सिस्टर! सून म्हणाली, "आमची आई कवापन तिथीच सांगते. मला विचारलं असतं तं मीच सांगितली असती." मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. तेव्हापासून माझा वर्ग या वाक्याने सुरू होतो: पेशंटला विचारायच्या आधी त्याच्या घरच्याला विचारा, हा माणूस रोज कसा बोलतो.

चहा सुनेच्या चुलीपाशी झाला. तिथे तुम्ही मला पाणी मोजायला शिकवलंत. "आमच्यात सण फादर सांगतात, पण पाणी तिथीच सांगते. तिथीला पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते. आठ पाऊण?" मला पाढा येत होता. "सहा." "म्हणजे अष्टमीला भरती सहाला. सुकती?" "बाराला." "शाबास. मग अष्टमीला दुपारी एक वाजता पाणी कुठे?" मी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "बाराला सुकती होऊन गेली, म्हणजे एकला पाणी परत चढायला लागलं." तुम्ही म्हणालात, "बरोबर." आणि थांबलात. बराच वेळ थांबलात. सून चुलीत लाकूड सारत होती. मी उत्तर बरोबर आलं म्हणून खूश होऊन तुमच्याकडे बघत होते. मग तुम्ही पुडी सोडून एक सुकेळं माझ्या हातावर ठेवलंत आणि म्हणालात, "खा."

मी खाल्लं.

त्यानंतर तुम्ही सात-आठ वर्षं होतात. मी पास झाले, नोकरीला लागले, लग्नात तुम्ही मला पितळी समई दिलीत. एक दिवस हृदय बंद पडून तुम्ही गेलात, दोन मिनिटांत, कुणाला चार्ट धरायची संधी न देता. पाचूबंदरच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसून हमसून हमसून रडले. लोकांना वाटलं, लाडकी विद्यार्थिनी. होतेच. पण त्या रडण्यात एक सुटकाही होती, सिस्टर. झाकली मूठ आता झाकलेलीच राहणार होती.

आता आजचं सांगते. मी आता ट्यूटर आहे, तुमच्यासारखीच मुलींना वॉर्डात नेते. एक निवृत्त गृहस्थ आहेत, मोटरसायकलवरून पडले, तब्येत ठीक, फक्त देखरेख. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्यांच्या चार्टवर. नालासोपाऱ्याची, हुशार, जीभ तिखट. दुपारी दोनला मी विचारलं, "एक वाजता काय बोलले ते?" ती फटकन म्हणाली, "एकदम ओके होते मॅडम. बोलले, मुलगा येणारे भेटायला." मी मान वर केली. मुलगा अकरा वाजल्यापासून खाटेच्या पायथ्याशी बसला होता. तो माझ्याकडे बघत होता, तीही बघत होती, आणि तिला अजून कळलेलं नव्हतं की ती काय बोलून गेली. तिने सकाळचं उत्तर उचलून एक वाजताच्या ओळीत ठेवलं होतं.

मला कळायला किती वेळ लागला, सांगू? काहीच नाही. एवढी पापणी लवेपर्यंतचा वेळ. आणि त्याच पापणीत मला तुमचा चेहरा दिसला, फोनकडे जायच्या आधीचा. दुपारी एक वाजता "दोन तासांनी सुकती". जी बाई दहाला, अकराला, बाराला पाणी मिनिटावर सांगत होती, ती एक वाजता होऊन गेलेली सुकती परत दोन तासांनी येणार म्हणाली? एक तर ती तेव्हाच बिघडली होती, नाहीतर मी विचारलंच नव्हतं. आणि बिघडली असती तर तुम्ही डॉक्टरला "एक वाजल्यापासून" असं सांगितलं असतंत. तुम्ही म्हणालात, बारानंतरचं सांगता येत नाही. तुम्ही होडीवाल्याची मुलगी. तुम्हाला बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. माझं खोटं माझ्या तोंडातून बाहेर पडता पडता तुम्हाला कळलं होतं. मग मेट्रनसमोर उभ्या राहिलात ते कळून. आणि चुलीपाशी "एक वाजता पाणी कुठे" विचारून थांबलात, ते मी बोलावं म्हणून. मी मेली पाढा बरोबर आला म्हणून खूश!

आणि मग मी काय केलं? त्या पोरीवर असा आवाज चढवला की तीन वॉर्ड पलीकडच्या आया बघायला आल्या. ती रडत म्हणाली, "विचारलं होतं मॅडम, शप्पथ." मी म्हणाले, "शपथ घेतेस वर तोंड करून? चालती हो." तिने ॲप्रनच्या खिशातला टॉर्च काढून टेबलावर ठेवला आणि गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते चांदणं कुणाच्या मनात होतं ते मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी मी खुर्ची ओढून रिपोर्ट लिहिला.

म्हणून भांडतेय. तुम्ही का गप्प बसलात? एक थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. मेट्रनसमोर ओढून नेलं असतं, वर्ष बुडवलं असतं, तर मी ते वर्ष भरून काढलं असतं आणि सुटले असते. तुम्ही सहा महिने जिन्यात उभ्या राहिलात आणि मला सुकेळं दिलंत. हा कसला न्याय? मला राग येतो तुमचा. खरंच येतो. तुम्ही गप्प बसलात म्हणून मी चांगली नर्स झाले, की तुम्ही गप्प बसलात म्हणून मी आजपर्यंत खोटारडी राहिले? दोन्ही खरं असेल. तुम्ही असतात तर विचारलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, "काय गो पोरी, उत्तर तुला येतंय, मला कशाला विचारतेस."

त्या मुलीचं काय करायचं ते मला अजून नक्की ठरवता येत नाहीये. तिने चूक केली, मोठी चूक केली, आणि ती कळायलाच हवी. उद्या रिपोर्टच्या आधी तिला बोलवेन. अर्णाळ्याची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते, पण त्यात "एक स्टुडंट होती" असं म्हणते. उद्या तिला ती स्टुडंट कोण ते सांगेन. मग ती काय बोलते ते ऐकेन. थांबेन, तुम्ही थांबला होतात तशी, पण तुमच्याइतकी गप्प नाही. इतका धीर माझ्यात नाही आणि तो बराही नाही. मात्र एक काम आत्ताच केलं. पर्समधून रिपोर्ट काढून परत वाचला. शेवटी मी लिहिलंय, "इतक्या वर्षांच्या नोकरीत असा खोटेपणा माझ्या पाहण्यात आलेला नाही." माझ्याच सुवाच्य अक्षरात. ते वाक्य खोडलंय. असं खोडलंय की कागद फाटला.

नवरा हाक मारतोय, दूध तापलं म्हणतो. हे पत्र समईच्या खोक्यात ठेवते, दुसरी जागा नाही. आणि एक राहिलंच. तुम्ही विचारलं होतंत, एक वाजता काय म्हणाली. मला माहीत नाही, सिस्टर. मी विचारलं नव्हतं. खाटेपासून दहा पावलांवर पडद्यामागे बसून डबा खात होते. पिठलं-भाकरीच होती, आणि ती गोड लागत होती.